डोळ्याच्या दृष्टिपटलात डोपामिन एकच, एका पेशीत सीएएमपी चढतो, दुसरीत उतरतो, आणि तरी दोन्हीकडे कपलिंग सुटतं. कसं?

विश्वामित्री | सोमवार, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी बडोद्यात दांडिया बाजारात आपल्या जीवशास्त्र अभ्यासगटात दृष्टिपटलातल्या गॅप जंक्शनवर बोलायचं आहे. पाया सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या दोन पेशी प्रत्येकी सहा कनेक्सिन प्रथिनांची अर्धी नळी पुढे करतात. ती समोरासमोर जुळली की पूर्ण नळी तयार होते आणि विजेचा प्रवाह रासायनिक टप्प्याशिवाय पलीकडे जातो; ही जोडणी म्हणजेच कपलिंग. सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातल्या चेतापेशींत हे काम मुख्यतः कनेक्सिन ३६ करतं.

घोळ पुढे होतो. उजेड पडला की डोपामिन हे संदेशवाहक रसायन सुटतं. एटू ॲमाक्राइन या मधल्या दुव्याच्या पेशींवर डोपामिनचे डी१ रिसेप्टर (संदेश झेलणारी प्रथिनं) आहेत, त्यामुळे तिथे सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि कपलिंग कमी होतं. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी (मंद उजेडाच्या) आणि शंकुपेशी (भर उजेडाच्या) यांवर डी४ आहेत, तिथे सीएएमपी घटतो, आणि तिथेही कपलिंग कमीच होतं. कनेक्सिन दोन्हीकडे ३६ च. एकाच कुलपाला किल्ली उजवीकडे फिरवली तरी बंद आणि डावीकडे फिरवली तरी बंद, हे गटापुढे कसं मांडायचं?

रावपुरा_रोज | ९.२२
माझा आधीचा प्रश्न. पेशींनी एकमेकींना मुळात जोडून घ्यायचंच का? प्रत्येकीने आपापलं पाहिलं तर चित्र जास्त स्पष्ट नाही का येणार?

निशाचर | ९.४०
रावपुरा, उजेड भरपूर असेल तर तुमचं बरोबर आहे. मंद उजेडात मात्र प्रत्येक पेशीच्या संदेशात स्वतःची खरखर मिसळलेली असते. खरखर ज्याची त्याची वेगळी, खरा संदेश शेजाऱ्यांत सामाईक. नऊ पेशी जोडल्या तर सामाईक भाग टिकतो आणि खरखर वर्गमुळाच्या हिशेबाने तिसऱ्या हिश्श्यावर येते. नवरात्रात मोठ्या मैदानावर हजार गळे एकत्र गातात तेव्हा एखाद्याचा सूर हलला तरी चाल हलत नाही, तसं. पण त्याच गर्दीत एकट्याने मारलेली हाक कोणाला ऐकू जात नाही. एका दंडपेशीवर पडलेल्या एकुलत्या फोटॉनची नेमकी हीच गत होते: त्याचा संदेश शेजाऱ्यांत वाटला गेला की विरून जातो. म्हणून किती जोडायचं हे उजेड बघून ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यासाठी रसायनं लागतात.

सूरसागर | १०.१५
विश्वामित्रीताई, सीएएमपीच्या बाणावरची नजर थोडा वेळ काढा आणि कनेक्सिनकडे पाहा. कनेक्सिन ३६ च्या आतल्या बाजूला सेरीन ११० आणि सेरीन २९३ या दोन जागा आहेत. त्यांवर फॉस्फेट बसलं की कपलिंग वाढतं, निघालं की घटतं. हा नियम एटूत आणि प्रकाशग्राही (दंड व शंकु) पेशींत सारखाच आहे. फरक पीकेए, म्हणजे सीएएमपीने चालू होणारं आणि फॉस्फेट चढवणारं एन्झाइम (किनेझ), कोणाला हाताशी धरतं यात आहे.

प्रकाशग्राही पेशीत वाट सरळ आहे. पीकेए जोरात चाललं की कनेक्सिनवर फॉस्फेट बसतं. दिवसा डी४ मुळे सीएएमपी घटतो, पीकेए मंदावतं, फॉस्फेट उतरतं, कपलिंग सुटतं.

एटूत मध्ये एक दलाल आहे. डी१ मुळे सीएएमपी वाढतो, पीकेए चालू होतं, आणि ते पीपी२ए नावाच्या फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला जागं करतं. पीपी२ए कनेक्सिनवरचं फॉस्फेट खरवडून काढतं. किनेझ चालू होऊन फॉस्फेट कमी होणं ऐकायला विचित्र वाटतं, पण २००९ मध्ये कोथमन, मॅसी आणि ओब्रायन यांनी सशाच्या दृष्टिपटलात हेच दाखवलं. फॉस्फेट बसलेलं कनेक्सिन तेवढंच ओळखणारी प्रतिपिंडं वापरल्यामुळे एकेका ठिपक्यावर, म्हणजे नळ्यांच्या एकेका पुंजक्यावर, हिशेब करता आला.

तुमच्या कुलपाची किल्ली दोन्हीकडे एकाच दिशेने फिरते आहे. फिरवणारे हात तेवढे वेगळे.

मांडवी_दिवा | १०.५८
सूरसागर, मांडणी पटली, पण "फॉस्फेट बसलं म्हणजे उघडं" हे सगळ्या दृष्टिपटलाला लावू नका. प्रकाशग्राहींना आडवं जोडणाऱ्या आडव्या पेशींत डोपामिन डी१ वरून सीएएमपी वाढवतं आणि कपलिंग कमी होतं, पण तिथली कनेक्सिनं वेगळी आहेत, सस्तन प्राण्यांत ५० आणि ५७. कार्प माशाच्या आडव्या पेशींतला रंगाचा प्रसार डोपामिनने आटतो हे तेरानिशी, नेगिशी आणि कातो यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं. दोन वर्षांनी लॅसेटर आणि डाउलिंग यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आडव्या पेशींच्या जोड्यांत वाहकता घटताना थेट मोजली. तो नियम उचलून एटूला लावला की पीपी२एचा दलाल दिसतच नाही.

शिवाय माशांचं कनेक्सिन ३५, म्हणजे ३६ चं भावंड, परक्या पेशींत घालून केलेल्या जुन्या प्रयोगांत पीकेएने कपलिंग कमी झालेलं दिसतं. शोधनिबंध वाचताना प्रथिन कुठल्या पेशीत बसवलं आहे ते आधी पाहा. पेशी बदलली की सोबतची एन्झाइमं बदलतात.

सूरसागर | ११.०५
मान्य. "कनेक्सिन ३६, आणि तेही दृष्टिपटलातल्या आपल्या घरच्या पेशीत" एवढी अट घालायला हवी होती.

प्रतापगंज | मंगळवार, सकाळी ७.३०
"दिवसा सुटतं, रात्री जुळतं" या वाक्यालाच माझी हरकत आहे. एटूसाठी ते अर्धवट आहे. ब्लूमफिल्ड, शिन आणि ऑस्बर्न यांनी १९९७ मध्ये सशात पाहिलं की पूर्ण अंधारात एका एटूतून सोडलेला न्यूरोबायोटिन (नळ्यांतून सरकणारा खुणेचा रेणू) मोजक्या शेजाऱ्यांपर्यंत जातो, मंद उजेडात शेकडो पेशींपर्यंत पसरतो, आणि उजेड प्रखर केला की पुन्हा आखडतो. आलेख मधे फुगलेला आहे. निशाचरदादांच्या एकट्या हाकेशी हे जुळतं: नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात फोटॉन विरळ, तेव्हा वाटणी नको, संधिप्रकाशात वाटणी हवी.

डोपामिन फक्त उतरत्या बाजूचं स्पष्टीकरण देतं. चढती बाजू ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाची आहे. दंडपेशींचा संदेश पुढे नेणाऱ्या दंड-बायपोलर पेशीने सोडलेलं ग्लुटामेट सायनॅप्सबाहेरच्या (पेशींच्या सांध्याबाहेरच्या) एनएमडीए या ग्लुटामेटच्या रिसेप्टरपर्यंत पोचतं, एटूत कॅल्शियम शिरतं, कॅमकेटू हे किनेझ चालू होतं आणि कनेक्सिनवर फॉस्फेट चढवतं. हे २०१२ चं काम आहे. म्हणजे एकाच ठिपक्यावर एक हात चढवतो आहे, दुसरा उतरवतो आहे, आणि उजेडाप्रमाणे कोणाचा जोर जास्त ते बदलतं.

विश्वामित्री | ८.०५
हे फारच मोलाचं. मग एटू आणि शंकु-बायपोलर यांच्यातली जोडणीही याच पद्धतीने चालते का? दंडपेशीचा संदेश तिथूनच पुढे जातो ना?

प्रतापगंज | ८.२०
तिथूनच जातो. कोल्ब आणि फॅमिग्लिएटी यांनी १९७४ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलात ही वाट उलगडली: दंडपेशी, दंड-बायपोलर, एटू, मग गॅप जंक्शनमधून ऑन (उजेड वाढला की चेतणारी) शंकु-बायपोलर. ऑफ (उजेड घटला की चेतणाऱ्या) बाजूला एटू ग्लायसीन हे दाबणारं रसायन सोडतं. कनेक्सिन ३६ नसलेल्या उंदरांत ऑन बाजूचा दंड-संदेश मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गॅंग्लियन पेशींपर्यंत पोचत नाही, हे २००२ मध्ये दिसलं.

पण या जोडणीचा पहारेकरी निराळा आहे. बायपोलरच्या बाजूला ३६ सोबत कनेक्सिन ४५ ही सापडतं. १९९५ मध्ये मिल्स आणि मॅसी यांनी दाखवलं की एटू-एटू जोडणी सीएएमपीने आटते, तर एटू-बायपोलर जोडणी नायट्रिक ऑक्साइड आणि सीजीएमपी या सीएएमपीच्या भावंडाने. एकाच पेशीच्या दोन दारांवर दोन राखणदार. शनिवारी वेळ कमी असेल तरी एवढं सांगाच.

रावपुरा_रोज | ८.४१
या नळ्यांतून प्रवाह तरी किती जातो? काही अंदाज?

मांडवी_दिवा | ९.००
कनेक्सिन ३६ ची एक नळी अगदी किरकोळ, १० ते १५ पिकोसीमेन्स (वाहकतेचं एकक). उंदीरवर्गीयांच्या एटू जोडीत मोजलेली वाहकता सुमारे ७०० पिकोसीमेन्स. भागाकार करा: एका क्षणी पन्नास-सत्तर नळ्या उघड्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ठिपक्यांत नळ्या त्याहून कितीतरी जास्त असतात. म्हणून ठिपक्यांची संख्या मोजून कपलिंग सांगू नये. बहुतेक नळ्या मिटलेल्याच असतात, आणि रसायनांचा सगळा खेळ त्या राखीव साठ्यावर चालतो.

निशाचर | दुपारी १.१५
प्रकाशग्राहींकडे परत येतो, कारण रात्रीची निम्मी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. डोपामिन नसणं एवढ्यानेच रात्री कपलिंग वाढत नाही. अंधारात पेशींबाहेर ॲडिनोसिन साचतं, ते ए२ए रिसेप्टरवर बसून सीएएमपी वाढवतं, पीकेए चालतं, कनेक्सिनवर फॉस्फेट चढतं. दिवसा डोपामिन डी४ वरून तोच सीएएमपी खाली ओढतं.

यात शरीराचं घड्याळही आहे. रिबेलायगा, काओ आणि मँगेल यांनी २००८ मध्ये गोल्डफिशला सतत अंधारात ठेवूनही पाहिलं की घड्याळाच्या रात्री शंकुपेशींत दंडपेशींचा संदेश भरपूर येतो आणि घड्याळाच्या दिवशी तो अडतो. डी४ ला अत्यल्प डोपामिन पुरतं, डी१ ला जास्त लागतं. त्यामुळे घड्याळ डोपामिनची जी बारीक भरती-ओहोटी करतं ती प्रकाशग्राहींना जाणवते, तर एटूंना बऱ्याचदा प्रत्यक्ष उजेडाचा लोंढा लागतो.

रावपुरा_रोज | १.३२
कॅफीन ॲडिनोसिनचे रिसेप्टर अडवतं ना? मग रात्री कॉफी घेतली तर दंडपेशी सुटतील?

निशाचर | २.१०
अडवतं, ए१ आणि ए२ए दोन्ही. काचेच्या भांड्यातल्या दृष्टिपटलावर ए२ए अडवलं की रात्रीचं कपलिंग घटतं. पण कपभर कॉफीतून डोळ्यात किती पोचेल हा हिशेब निराळा आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

विश्वामित्री | ४.००
गटातल्या दोघांना हे करून पाहायचं आहे. बाजारातल्या रोहूच्या डोळ्यांवर जमेल का? रोहू कार्पच्याच कुळातला.

मांडवी_दिवा | ४.२५
नाही. बर्फावर तासनतास राहिलेल्या डोळ्यात मोजण्यासारखं काही उरत नाही. प्राणवायू संपतो, आम्लता वाढते, आडव्या पेशींच्या नळ्या मिटतात. बोकडाच्या डोळ्यांचंही तेच. जिवंत ऊतक लागतं, आणि त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी हवी. आणि कृपा करून विश्वामित्री नदीतल्या मगरींचा विचार कोणाच्या मनातही नको; तो प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सूरसागर | ५.१०
मंजुरी असलेल्या प्रयोगशाळेत करणार असाल तर प्रकाशग्राहींसाठी कापून रंग भरण्याची पद्धत सोपी आहे. सुई, ॲम्प्लिफायर काही लागत नाही.

प्राणी किमान दोन तास पूर्ण अंधारात. पुढचं सगळं अवरक्त उजेडात, अवरक्त दुर्बीण लावून. तांबड्या दिव्यावर विसंबू नका. पुरेसा प्रखर असेल तर तो दंडपेशींना कळतोच, आणि तुमचा दिवाच डोपामिन सोडवतो. दृष्टिपटल मागच्या रंगद्रव्याच्या थरापासून सोडवून घ्या आणि एम्सच्या (ऊतक जिवंत ठेवणाऱ्या) द्रावणात ठेवा. त्यातून ९५ टक्के प्राणवायू व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत सोडा. तपासायचं औषध २० ते ३० मिनिटं. मग धारदार पातं ०.५ टक्के न्यूरोबायोटिनमध्ये बुडवून एक स्वच्छ काप द्या. कापलेल्या पेशी रंग घेतात, तो गॅप जंक्शनमधून शेजारी सरकतो. १० ते १५ मिनिटांनी धुवा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये तासभर ठेवा, नंतर न्यूरोबायोटिनला चिकटणारं, सायथ्री हा चमकणारा रंग जोडलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन रात्रभर, ४ अंशांवर. कापापासून दूर जाताना चमक कशी घटते त्याचा आलेख काढा. घातांकी उताराची लांबी हेच तुमचं कपलिंग.

दोन नियंत्रणं चुकवू नका. न्यूरोबायोटिनमध्ये १० हजार डाल्टनचं रोडामिन-डेक्स्ट्रान मिसळा. ते गॅप जंक्शनमधून जात नाही, त्यामुळे कापात खरोखर फाटलेल्या पेशी कळतात. दुसरं, एका तुकड्यावर गॅप जंक्शन मिटवणारं १०० मायक्रोमोलर मेक्लोफेनॅमिक ॲसिड. रंग त्यातही पसरला तर तो गळतोय, कपलिंगने जात नाहीये.

गरमर | ५.४०
मेक्लोफेनॅमिकऐवजी कार्बेनॉक्सोलोन चालेल का? ते ज्येष्ठमधातल्या घटकापासूनच बनतं ना?

मांडवी_दिवा | ६.०२
हो, ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरेटिनिक आम्लापासून. पण ते कॅल्शियमच्या वाटाही अडवतं, म्हणजे डोपामिन सुटणंच बिघडतं. रसायनांचा परिणाम शोधायचा असेल तेव्हा मेक्लोफेनॅमिक बरं, आणि ते धुऊनही निघतं.

सूरसागर | ६.२०
आणखी बिघाडाच्या जागा. डोपामिन प्राणवायूच्या द्रावणात लवकर काळवंडतं. ताजं करा, अंधारात ठेवा, थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल घाला. द्रावण गुलाबी झालं की फेका. न्यूरोबायोटिनऐवजी ल्युसिफर यलो हा पिवळा चमकणारा रंग वापरून "एटू जोडलेलेच नाहीत" असं लिहू नका. तो ऋणभारित आणि मोठा रेणू त्या नळ्यांतून जातच नाही. १९९१ मध्ये वेनीने न्यूरोबायोटिन वापरल्यावर हे जाळं नीट दिसलं. आणि पीएच. आम्लता वाढली की गॅप जंक्शन मिटतं हे पाठच झालेलं असतं...

प्रतापगंज | ६.३१
...पण कनेक्सिन ३६ ला ते लागू नाही! २००८ मध्ये दिसलं की ३६ च्या नळ्या अल्कता वाढली की आटतात. वायूची नळी निसटून कार्बन डायऑक्साइड उडून गेला की बायकार्बोनेटचं द्रावण अल्क होतं, आणि औषध न घालताच तुमचं कपलिंग कमी दिसतं. दर दहा मिनिटांनी पीएच ७.४ आहे ना ते पाहा. मधेच बुडबुडे थांबल्याचं लक्षात आलं तर तो तुकडा आकडेवारीत घेऊच नका.

विश्वामित्री | रात्री ९.३०
अजून एक खटकतंय. मी फळ्यावर "डी१ म्हणजे कपलिंग कमी" लिहू का?

निशाचर | ९.४५
नको ताई. काही ऑफ अल्फा गॅंग्लियन पेशींत उजेडाने कपलिंग वाढतं आणि ते डी१ वरूनच होतं, २०१० चं काम आहे. रिसेप्टरच्या नावावरून दिशा लिहिली की तिथे फसाल.

गरमर | १०.०५
मग मूळ प्रश्नाची परीक्षा फोर्स्कोलिनने घ्या. तो थेट सीएएमपी वाढवतो, कुठलाही रिसेप्टर न लागता. सूरसागर म्हणतात ते खरं असेल तर त्याच थेंबाने एटू सुटायला हवेत आणि प्रकाशग्राही जुळायला हवेत.

फोर्स्कोलिन आपल्या ओळखीच्या झाडाचा आहे. बडोद्यात लोणच्यासाठी गरमर आणतो, तेच मूळ, मराठीत माईनमूळ. १९७० च्या दशकात मुंबईच्या होक्स्ट संशोधन केंद्रात तो वेगळा केला गेला.

सूरसागर | १०.२५
उत्तम सूचना. मात्रा १० मायक्रोमोलर, डीएमएसओ (विद्रावक) ०.१ टक्क्याच्या आत, आणि सोबत १,९-डायडिऑक्सिफोर्स्कोलिनचा तुकडा. ते सीएएमपी वाढवत नाही, पण फोर्स्कोलिनचे इतर गुण त्यात आहेत.

अडचण सुरुवातीच्या स्थितीची आहे. रात्रीच्या अंधारातल्या प्रकाशग्राही आधीच जुळलेल्या असतात, त्यांत वाढ दिसणार नाही. पूर्ण अंधारातले एटू आधीच बरेच सुटलेले, त्यांत घट दिसणार नाही. म्हणून प्रकाशग्राहींचा तुकडा दिवसा, क्विनपिरोल (डी४ चालू करणारं औषध) देऊन कपलिंग उतरवलेला घ्या. एटूंचा मंद उजेडातून आलेला, जाळं पसरलेलं असताना. शिवाय फोर्स्कोलिन डोपामिन सोडणाऱ्या पेशींनाही हलवेल, तेव्हा एटूच्या तुकड्यात एससीएच २३३९० घालून डी१ बंद ठेवा.

मांडवी_दिवा | १०.४०
एटूंना काप देऊन चालणार नाही, सगळ्याच पेशी रंगतील. एकेका पेशीत काचेच्या सुईने भरा: सुईत ल्युसिफर यलो आणि न्यूरोबायोटिन दोन्ही, आधी ऋण प्रवाह देऊन पिवळ्या रंगात पेशी ओळखा, मग धन प्रवाहाने न्यूरोबायोटिन सोडा. आणि दोन्ही एकाच प्राण्यात हवं असेल तर सस्तन प्राणीच घ्या. एटूवरचं वर सांगितलेलं काम सस्तन प्राण्यांतलंच आहे.

विश्वामित्री | १०.५८
फळ्यावर मधोमध कनेक्सिन ३६ काढते, सेरीन ११० आणि २९३ सकट, आणि डावीकडे प्रकाशग्राही, उजवीकडे एटू. सीएएमपीचे बाण दोन्हीकडून त्याच्याकडे येतील, उजव्या बाणावर पीपी२ए बसेल. प्रत्येक तुकड्याच्या बाटलीवर औषधासोबत वेळ आणि उजेडाची पातळीही लिहायला सांगते. सूरसागरदादा, क्विनपिरोलची मात्रा किती?

सूरसागर | ११.१२
१ मायक्रोमोलरपासून सुरू करा. जास्त घातलंत तर डी४ सोडून बाकीचे डी२ वर्गातले रिसेप्टरही पकडतं, आणि त्यात डोपामिन सोडणाऱ्या पेशींचे स्वतःचे रिसेप्टर येतात.

रावपुरा_रोज | ११.१५
शनिवारी येतोय. किती वाजता?

विश्वामित्री | ११.१६
सहाला. पडदे ओढून संधिप्रकाश करणार आहोत, डोळे सरावायला दहा मिनिटं आधी या.